घरी पाहिलेल्या चित्रपटांविषयी : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात घरी पाहिलेल्या चित्रपटांविषयी वाचकांनी आपली मते मोकळेपणाने कळवावीत आणि शंका असल्यास विचाराव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. त्याला गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रतिसाद मिळाला. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत चित्रपट फार संथ असल्याची तक्रार आहे. ही तक्रार काही वेळा रास्त असते. परंतु पुष्कळदा दोष चित्रपटाचा नसून आपण तो ज्या रीतीने पाहतो त्या रीतीचा असतो, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील उत्तरांत ते लपवून ठेवलेले नाही.

प्रश्न : आम्ही घरातील सर्वांनी मिळून 'कोर्ट' पाहिला. कॅमेरा एका जागी ठेवलेला, पात्रे लांब उभी, आणि खटल्याचा निकालही लागत नाही. मुलगा अर्ध्यावरच उठून गेला. मला मात्र हा चित्रपट मनातून जात नाही, पण तो का आवडला हे घरच्यांना पटवून देता येत नाही. काय सांगावे? (एक निवृत्त शिक्षिका, फोंडा)

उत्तर : चित्रपट मनातून जात नाही, म्हणजे आपले मत तयार झालेलेच आहे, तो कोणत्या प्रसंगामुळे मनात राहिला एवढेच शोधायचे उरले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. पण घरच्यांना पुरस्कारांची यादी ऐकवून काही साधणार नाही. त्यांना मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष आठवते का, ते विचारा. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा आहे की, त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. साक्षीला उभी राहिलेली ती बाई सांगते की, नवरा उतरण्यापूर्वी आत झुरळे दिसतात का ते पाहत असे; झुरळे जिवंत असली तर आत श्वास घेण्यापुरती हवा आहे, असे तो समजत असे. हे ती जराही आवाज न चढवता सांगते. आपल्याला गहिवर यावा म्हणून तेथे संगीत वाजत नाही आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांतले पाणी शोधायला जात नाही. आरोपाचा सारा डोलारा त्या एका उत्तरात कोसळतो, पण न्यायालयाचे कामकाज मात्र काहीच घडले नसल्यासारखे पुढे सरकते. हे पुढे सरकणे प्रेक्षकाला खुपावे, यासाठीच कॅमेरा स्थिर ठेवलेला आहे.

गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकीलही मला अशीच महत्त्वाची वाटते. एका म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवण्यासाठी जुन्या कायद्यांची कलमे धडाधडा वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, मुलांचे पाहते. आपल्या शेजारी राहणारी, चतुर्थीला एकमेकींच्या घरी जाणारी बाई अशीच असते. तिला खलनायिका करून टाकणे दिग्दर्शकाला सोपे होते. त्याने ते केले नाही आणि म्हणूनच चित्रपट अंगावर येतो. स्त्री पक्षकाराने बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण पुढे ढकलतात, तो प्रसंगही असाच क्षणात होऊन जातो. त्याच वेळी हातातल्या मोबाइलकडे पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही. चित्रपटगृहात अंधारामुळे जे लक्ष आपोआप लागते, ते घरी प्रयत्नाने लावावे लागते आणि 'कोर्ट'सारख्या चित्रपटाला त्याची सर्वांत अधिक गरज असते.

माझीही एक तक्रार नोंदवतो. सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि न्यायालयाची खोली अंधारात बुडते, तेथेच चित्रपट संपला असता तरी चालले असते. त्यानंतरचा न्यायाधीशांच्या सहलीचा भाग आणि त्यातील मुलाला बसलेली थप्पड मला किंचित अधिक ठळक वाटते. आपले मत वेगळे असू शकेल. मुलाला संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहण्याचा आग्रह करू नका. साक्षीपर्यंतचा भाग त्याच्यासोबत बसून पाहा. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे मुळात चळवळीतले कार्यकर्ते होते आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले, हेही त्याला सांगा.

प्रश्न : नवा मोठा टीव्ही घेतला, तरी चित्रपटातील संवाद नीट ऐकू येत नाहीत. आवाज वाढवावा तर संगीताने घर हादरते. शिवाय प्रत्येक चित्रपट एखाद्या दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. चित्रपटच आता असे काढतात की काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : चित्रपट तसे काढलेले नसतात आणि आपले कानही निकामी झालेले नाहीत. आजच्या बहुतेक चित्रपटांचे ध्वनिमिश्रण अनेक दिशांना मांडलेल्या स्पीकरांसाठी केलेले असते. त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे सोपवलेले असतात, तर संगीत व इतर आवाज बाजूच्या आणि मागच्या स्पीकरांकडे जातात. टीव्हीचे दोन छोटे स्पीकर, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. त्यांच्यात हे सारे एकत्र कोंबले की संवाद दबतात. त्यातच आपल्याकडील कौलांवर किंवा पत्र्यांवर पाऊस कोसळत असेल तर विचारायलाच नको. टीव्हीच्या ध्वनी विभागात जाऊन आउटपुट 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करावे. संवाद स्पष्ट करणारी किंवा रात्रीसाठीची वेगळी सोय असल्यास ती चालू करावी, म्हणजे मोठा आणि लहान आवाज यांतील अंतर कमी होते. साधा साउंडबार जोडला तरी पुष्कळ फरक पडतो. मराठी चित्रपटाला मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षके लावून पाहण्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

मालिकेसारखे दिसण्याचे कारण निराळे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला असतो. नवे टीव्ही खेळांचे सामने गुळगुळीत दिसावेत म्हणून या चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली चित्रे घुसवतात आणि त्यामुळे हालचालीतला चित्रपटाचा पोत नाहीसा होतो. ही सोय बहुधा कारखान्यातूनच चालू केलेली येते. सॅमसंगच्या टीव्हीवर तिला 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीच्या टीव्हीवर 'ट्रूमोशन' आणि सोनीच्या टीव्हीवर 'मोशनफ्लो' असे म्हणतात. ती बंद करावी आणि चित्राची पद्धत 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर मोड'वर आणावी. प्रेक्षकांनी ही सोय बंद करावी अशी विनंती करणारी चित्रफीत अभिनेते टॉम क्रूझ यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली होती, यावरून चित्रपट करणाऱ्यांना ती किती नकोशी वाटते हे लक्षात यावे. सुरुवातीला चित्र थोडे मंद आणि पिवळसर वाटेल. दोन-चार दिवसांत डोळे सरावतात.

प्रश्न : 'गोदावरी' मी पणजीच्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) पाहिला होता आणि भारावून गेलो होतो. आता घरी पुन्हा पाहिला, तेव्हा तो लांबल्यासारखा वाटला. माझे कोणते मत खरे धरावे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : दोन्ही खरी आहेत, परंतु चित्रपटाचा न्याय करताना पहिल्या मताला अधिक वजन द्यावे. २०२१ सालच्या इफ्फीत जितेंद्र जोशी यांना याच भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला आणि दिग्दर्शक निखिल महाजन यांनाही परीक्षकांनी गौरवले. नाशिकच्या नदीकाठच्या जुन्या जागांचे भाडे गोळा करीत फिरणारा, घरच्यांवर आणि स्वतःवरही चिडलेला निशिकांत हा या चित्रपटाचा नायक; तो बोलतो थोडे, आणि त्याची घुसमट आपल्याला घाटावरच्या गर्दीतून, पाण्याच्या आवाजातून, चालण्यातून कळते. मोठ्या पडद्यावर नदी समोर पसरलेली असते, म्हणून कथा थांबली तरी आपण तिच्यासोबत थांबतो. छोट्या पडद्यावर नदी मागच्या दृश्यापुरती उरते आणि मग नायकाचे गप्प राहणे लांबल्यासारखे वाटते. घरी पाहताना दिवे मालवा, पडद्याच्या जवळ बसा आणि मध्ये न थांबवता पाहा. एवढे करूनही उत्तरार्धातील काही संवाद गरजेपेक्षा अधिक उलगडून सांगणारे वाटले, तर ते माझ्याही मते तसेच आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांनी तरुणपणी 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक पाहिले होते. चित्रपट मी त्यांना मुद्दाम घरी दाखवला, तर पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांची पूर्वकथा सुरू होताच ते नाराज झाले. गाणी मात्र डोळे मिटून ऐकली. नाटकाचा चित्रपट करताना इतके बदल करावेत का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : वडिलांची नाराजी मी समजू शकतो, कारण गोव्यात हे नाटक केवळ पाहिलेले नसते, ते कानात साठवलेले असते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत आपल्या मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. एकच पद दोन घराण्यांच्या गायकीत किती वेगळे होते, हे 'घेई छंद मकरंद'च्या दोन चालींतून अभिषेकीबुवांनी असे काही दाखवले की, संघर्ष समजावून सांगायला वेगळ्या संवादाची गरजच उरली नाही. खाँसाहेबांच्या मनातली असूया, हव्यास आणि त्याच वेळी संगीतावरचे निस्सीम प्रेम हे सारे नाटकात गळ्यातून व्यक्त होत असे.

सुबोध भावे दिग्दर्शित २०१५ सालच्या चित्रपटाने तेच प्रसंगांतून दाखवायचे ठरवले. पंडितजी खाँसाहेबांना कसे घेऊन येतात, दरबारातील स्पर्धा वर्षानुवर्षे कशी चालते, पराभव मनात कसा कुजत जातो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. ज्याने नाटक पाहिलेले नाही अशा प्रेक्षकासाठी हा बदल आवश्यक होता, असे मला वाटते; कारण संगीत नाटकाचा प्रेक्षक पद रंगले की पुन्हा मागून घेत असे, एका पदासाठी नाटक थांबत असे, आणि चित्रपटात तशी मुभा नाही. गाणे काही मिनिटांत आटोपायचे असेल तर त्यामागची धग कथेतूनच आणावी लागते. मात्र पूर्वकथा मांडताना चित्रपटाने काही ठिकाणी रंग फार भडक वापरले आहेत, हेही खरे. सचिन पिळगांवकरांचे खाँसाहेब नजरेतून आणि थांबण्यातून जितके पटतात, तितके संतापाच्या प्रसंगांत पटत नाहीत. आणि शंकर महादेवन गाताना पंडितजी वाटतात, बोलताना तितके वाटत नाहीत.

तरीही या चित्रपटाविषयी मला मनापासून आदर आहे. खाँसाहेबांच्या पदांना आवाज दिला आहे तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गायले आहेत ते अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे, ज्यांना या चित्रपटातील 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली, पण अभिषेकीबुवांच्या चालींना जपूनच हात लावला. फोंड्याच्या, म्हापशाच्या गायनवर्गांत 'सुरत पिया की' शिकायला मागणारी मुले या चित्रपटानंतर आली, हे तेथील शिक्षकांकडून मी ऐकले आहे. वडिलांसोबत पुन्हा बसणार असाल तर आधी वसंतरावांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण लावा, त्यांना त्या प्रयोगाविषयी बोलू द्या आणि मग चित्रपटातील तेच पद पाहा. संपूर्ण चित्रपट एका बैठकीत पाहण्याचा माझा आग्रह येथे मी मागे घेतो. हा चित्रपट पदापदाने पाहिला तरी चालेल.

प्रश्न : लहानपणापासून देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतारी काला पाहत आलो आहे. 'पिकासो'तील दशावतार पाहून आनंद झाला, परंतु कथा फारच थोडकी वाटली. आपले मत? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : अभिजीत वारंग यांचा हा चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि कथाही तेवढीच आहे : मुलाची चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवड होते, शुल्क भरायला पैसे नाहीत आणि दशावतारात काम करणारा बाप दारूच्या आहारी गेलेला. ती ओढून लांब केली नाही, हे मी गुणात मोजतो. वाटेवरचे चालणे, बापाला शोधत फिरणे यांत पूर्वार्ध किंचित रेंगाळतो. पण बापाची भूमिका करणारे प्रसाद ओक चेहरा रंगवायला बसतात तेथपासून चित्रपटाची पकड सुटत नाही. आपल्याला ठाऊकच आहे की, दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. आरसा पुढे धरून कपाळापासून रंग चढवत जाताना थकलेला, व्यसनी माणूस हळूहळू दिसेनासा होतो आणि राजा समोर येतो. पेडणे-सावंतवाडीकडच्या प्रेक्षकाने हे रंगपटाच्या फटीतून अनेकदा पाहिलेले असते, पडद्यावर मात्र ते क्वचितच इतक्या जवळून आले आहे. लिखित संहिता नसताना नट आयत्या वेळी संवाद रचतो, या कलेच्या गाभ्याचाही चित्रपटाने चांगला उपयोग केला आहे.

संकासुर या दशावतारी पात्राचा दंगा, पेटी-मृदुंगाची साथ आणि पहाटेपर्यंत लांबणारी रात्र यांतले थोडे अधिक हवे होते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. दिलीप प्रभावळकरांचा २०२५ सालचा 'दशावतार' त्या दृष्टीने मोठ्या आवाक्याचा आहे. त्यात कलावंताची कहाणी सूडकथेकडे वळते, म्हणून दोहोंची तुलना करण्यापेक्षा दोन्ही पाहावेत.

प्रश्न : 'पलतडचो मनीस' हा कोकणी चित्रपट पाहिला. जंगल अगदी आमच्याकडचे वाटले. पण वनरक्षकाने मनोरुग्ण बाईला घरात ठेवणे आईला आवडले नाही. (एक वाचक, वाळपई)

उत्तर : आईंना जे आवडले नाही, तेच गावालाही आवडत नाही आणि चित्रपट त्याच प्रश्नावर उभा आहे. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर लक्ष्मीकांत शेटगांवकर यांनी केलेल्या या चित्रपटाला २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पत्नी गेल्यानंतर जंगलात एकटा राहणारा वनरक्षक त्या बाईला आधी घाबरतो, मग खायला देतो, मग सांभाळतो. आधार आणि गरज यांची सीमा कोठे पुसली गेली, हे त्यालाही नीट कळत नाही आणि दिग्दर्शक ते सोपे करून सांगत नाही. ती बाई स्वतः संमती देण्याच्या स्थितीत आहे का, ही आईंची अस्वस्थता मला योग्य वाटते. देऊळ, शाळा आणि मते यांची काळजी करणारे गाव त्या बाईला आसरा देत नाही, पण आसरा देणाऱ्याला जाब विचारते, हेही मात्र त्यांना दाखवून द्यावे. कोकणी आणि मराठी दोन्ही कानांवर असलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला यासाठी उपशीर्षकांची गरज नाही.

प्रश्न : चतुर्थीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. आजीपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना एकत्र पाहता येईल असा चित्रपट सुचवाल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : परेश मोकाशी यांचा २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' निःशंकपणे पाहा. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' कसा पूर्ण केला, याची ही कथा आहे आणि नंदू माधव यांचे फाळके संकटातही उत्साह सोडत नाहीत. मुलांना रोपटे उगवण्याच्या चित्रीकरणाचा प्रयोग आवडेल, आजींना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना म्हणून पुरुषाला साडी नेसवावी लागली तो भाग आवडेल, आणि मोठ्यांनी सरस्वतीबाई फाळक्यांकडे लक्ष द्यावे. घर चालवून फिल्मचे कामही शिकणारी ही स्त्री चित्रपटाचा खरा कणा आहे. दहा-बारा वर्षांची मुले असतील तर अविनाश अरुण यांचा 'किल्ला'ही जमेल. त्यातला कोकणातला पाऊस आणि नव्या गावात मित्र शोधणारा मुलगा त्यांना आपलासा वाटेल, मात्र तो लहानग्यांना कंटाळवाणा होऊ शकतो. दीड दिवसाचा गणपती असेल तर दुसऱ्या दिवशीची विसर्जनानंतरची संध्याकाळ चित्रपटासाठी ठेवा, कारण पहिल्या दिवशी आरत्यांतून कोणालाच सवड मिळत नाही. गावाकडे त्या दिवसांत वीज आणि इंटरनेट या दोहोंचा भरवसा नसतो, म्हणून चित्रपट आधीच डाउनलोड करून न्यावा.